एप्रिलमध्ये वाचनालयात जॅझ ऐकवायचाय, तोही भांडणारा. लोक बसतील का?

तापीकाठ (जळगाव):

नमस्कार मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे पण इथे गाण्या-बजावण्यातली जाणकार माणसं आहेत म्हणून विचारतोय. आमच्या वाचनालयात दरवर्षी ११ ते १४ एप्रिल कार्यक्रम असतात, फुले जयंतीला व्याख्यान, मग निबंध स्पर्धा, एक रात्र भीमगीतं, असं सगळं ठरलेलं. यंदा मधली एक संध्याकाळ रिकामी पडली कारण वक्ते येत नाहीयेत. तर मी म्हटलं त्या दिवशी अमेरिकेतल्या काळ्या वादकांचा जॅझ ऐकवू, हॉटेलात जेवताना मागे वाजतो तो गुळगुळीत नाही, १९६० च्या आसपासचा, जो गोऱ्यांच्या कायद्याशी सरळ भांडतो तो. कमिटी चक्क हो म्हणाली! मला वाटतं निम्म्यांना जॅझ म्हणजे पोरांचं ड्रम बडवणं एवढंच डोळ्यासमोर आलं असणार.

आता खरी अडचण. कमिटीत एक निवृत्त हेडमास्तर आहेत, माणूस एकदम सज्जन, त्यांनी विचारलं की याच्यात शब्द आहेत का? मी म्हटलं काहींत आहेत, बऱ्याच ठिकाणी नाहीत. तर म्हणे मग हे आपल्या सप्ताहात कसं काय बसतं, शब्दच नाहीत तर विचार कुठला, उद्या सनईला पण परिवर्तनवादी म्हणाल. मला तिथल्या तिथे काही सुचलं नाही. मी स्वतः सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचं 'अलाबामा' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागची हकीकत काही माहीत नव्हती तरी हे कुणाच्या तरी जाण्याचं आहे एवढं समजत होतं, पण हे 'समजत होतं' मी सरांच्या गळी कसं उतरवू?

तर काय वाजवायचं, किती वेळ, मध्ये मी किती बोलायचं, आणि बिनशब्दांचं वाजवणं राजकीय कसं, एवढं सांगा. हॉल छोटाय, पन्नास-साठ खुर्च्या. ऐकायला निवृत्त शिक्षक, थोडी कॉलेजची पोरं, आणि भीमगीतांना न चुकता येणारी बाया-माणसं, ज्यांचा कान माझ्यापेक्षा तयार आहे.

जुनी_तबकडी (धुळे):

भाऊ, पहिलं म्हणजे माघार घेऊ नका, आपल्याकडे असलं काही करायला कुणी धजत नाही.

सरांच्या प्रश्नाला तोंडाने उत्तर देऊ नका, वाजवून द्या. चार्ल्स मिंगस नावाचा माणूस, डबल बास वाजवायचा आणि बँडही त्याचाच. १९५७ मध्ये आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने लिटल रॉकच्या हायस्कूलमध्ये नऊ काळ्या मुलांना शिरू द्यायचं नाही म्हणून दारात नॅशनल गार्डचे शिपाई उभे केले. कोर्टाचा निकाल मुलांच्या बाजूने असताना. शेवटी अध्यक्ष आयझेनहॉवरने लष्कर पाठवलं तेव्हा कुठे पोरं वर्गात बसली. मिंगसने या फॉबसवर एक ट्यून बांधली, 'फेबल्स ऑफ फॉबस'. १९५९ च्या कोलंबियाच्या रेकॉर्डवर ती आहे पण नुसतं वादन, कंपनीने शब्द घेऊ दिले नाहीत असं सांगतात. १९६० मध्ये कँडिड नावाच्या छोट्या कंपनीसाठी तीच ट्यून शब्दांसकट केली, चारच जण, मिंगस, ड्रमवर डॅनी रिचमंड, ट्रम्पेटवर टेड कर्सन आणि एरिक डॉल्फी. मिंगस वाजवता वाजवता ओरडून विचारतो की हास्यास्पद कोण ते नाव घेऊन सांग, आणि डॅनी ड्रमच्या मागून नाव घेतो.

तुम्ही काय करा, आधी बिनशब्दांची लावा, तीनेक मिनिटंच. काही सांगू नका. मग सरांनाच विचारा, ही चाल कुणाची वाटते? ती चाल अशी जड, फुगलेली, पाय ओढणारी आहे की लोकनाट्यातला कोतवाल डोळ्यासमोर येतो. सर बरोबर सांगतील बघा, कारण टिंगल कळायला इंग्रजी लागत नाही. मग शब्दांची लावा, काम झालं.

दुसरं, मॅक्स रोच. ड्रमर. १९६० चीच रेकॉर्ड, 'वी इन्सिस्ट', खाली लिहिलेलं फ्रीडम नाऊ सूट. कव्हरवर काउंटरला बसलेली तीन काळी माणसं आणि आत उभा असलेला गोरा वेटर, म्हणजे त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रीन्सबरोला पोरं हॉटेलच्या काउंटरवर जाऊन बसली होती आणि उठायला तयार नव्हती, त्याचा संदर्भ. ते कव्हर मोठं प्रिंट करून भिंतीला लावाच, चवदार तळं माहीत असलेल्या माणसाला वेगळं काही समजावायची गरज पडणार नाही. पहिला तुकडा 'ड्रायव्हा मॅन', गुलामांवर चाबूक घेऊन उभा असणारा मुकादम. पाच मात्रांचं आहे आणि पहिल्या मात्रेवर चाबूक पडल्यासारखा फटका, दर वेळी, सुटका नाही. गाते ॲबी लिंकन. टेनर सॅक्सोफोन कोलमन हॉकिन्सचा, तेव्हाचा बुजुर्ग, रोचच्या आधीच्या पिढीतला. वाजवताना एका जागी त्याचा सूर चिरकतो. स्टुडिओत म्हणाले कापून जोडू, तर हॉकिन्सनेच नको म्हणून सांगितलं, अशा तुकड्यात सगळं बिनचूक असेल तर काहीतरी चुकतंय असं त्याचं म्हणणं. ते चिरकणं रेकॉर्डवर तसंच आहे, नीट कान देऊन ऐका.

बोलायचं किती तर प्रत्येक तुकड्याआधी दीड मिनिट, घड्याळ लावून. आपल्याकडे सूत्रसंचालक कार्यक्रम खातो. आणि सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनचं 'फ्री जॅझ' पहिल्याच संध्याकाळी लावू नका, सदतीस मिनिटं सलग आहे, दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतात, मला ते प्राणाहून प्रिय आहे पण दहाव्या मिनिटाला हॉल चहाला गेलेला असेल.

बिली हॉलिडे या गायिकेचं 'स्ट्रेंज फ्रूट', जमावाने मारून झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांवरचं गाणं, सगळे सुचवतील. मी नाही सुचवत. गाणं थोर, वाद नाही, पण ते पूर्ण शब्दांवर उभंय आणि तुमचा विषय जॅझ, म्हणजे तिथल्या तिथे सुचून वाजवणं, हा आहे.

कळण्याची_भाकर (रावेर):

स्पष्ट बोलतो, राग नका धरू. हे कायले पाहिजे? आपल्या घरात काय कमी आहे का? भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी, त्याआधी सत्यशोधक जलसे, गावोगाव फिरून बिन-माईकचे कार्यक्रम करत होते लोक, आणि त्यात शब्द होते, बाईला-गड्याला दोघांना समजत होते. ते नीट जपून ठेवायला माणसं मिळत नाहीत आणि आपण फॉबस कोण ते शिकवत बसायचं.

दुसरं, हे जॅझवाले भांडखोर होते असं जे सांगून राहिले तर हेही सांगा ना की अमेरिकन सरकारनेच जॅझवाले जगभर फिरवले. ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये भारतात आला तो त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या खर्चाने. म्हणजे घरी काळ्यांना हॉटेलात खोली द्यायची नाही आणि बाहेर त्यांनाच पुढे करून दाखवायचं की बघा आमच्याकडे किती स्वातंत्र्य. आणि आपल्याकडे जॅझ ऐकला कोणी? मुंबईत ताजमध्ये बसणाऱ्यांनी. आता तो जळगावात येऊन एकदम बहुजनांचा झाला का?

बँडवाला_अमळनेर:

राम राम भाऊ. तुम्हना हेडमास्तर सरले सांगा, सनई बी परिवर्तनवादी व्हई सकस, वाजाडनारा तसा पाहिजे. आता मराठीत लिहितो.

आमच्याकडे आजोबांपासून बँड, मी क्लॅरिनेट. जॅझ मला यूट्यूबने शिकवला, म्हणजे ऐकायला शिकवला, वाजवता येत नाही. जुनी_तबकडी भाऊंनी जी मिंगसची चार जणांची रेकॉर्ड सांगितली तिच्यात अजून एक तुकडा आहे, 'व्हॉट लव्ह', तो कुणी सांगितला नाही म्हणून लिहितोय. त्याच्यात शेवटाकडे सगळे थांबतात आणि फक्त मिंगसचा बास आणि डॉल्फीचा बास क्लॅरिनेट उरतो, हा आपल्या क्लॅरिनेटचा मोठा भाऊ, खालच्या पट्टीतला, तोंडाजवळ वाकलेला. डॉल्फी बँड सोडून चालला होता आणि मिंगसला ते सहन होत नव्हतं, तर ते दोघं वाद्यावरच भांडतात. अक्षरशः भांडतात, एक कुरकुर करतो, दुसरा तोंड वर करून उत्तर देतो, मध्येच एक हसल्यासारखं पण होतं, मग पुन्हा चढा आवाज. एक शब्द नाही. माझ्या आईला ऐकवलं, तिने कधी जॅझ ऐकला नाही, ती म्हणे हे नवराबायको का? सरांना हे ऐकवा आणि विचारा शब्द कुठे लागले.

आता तिथल्या तिथे सुचण्याबद्दल. वरात चौकात अडकते, पोरं नाचायची थांबत नाहीत, नवरदेवाचे मामा घाई करतात, अशा वेळी वाजवलेलं गाणं संपतं आणि पुढचं सुरू करायला मास्तर हात वर करत नाही, त्याच गाण्याच्या एका तुकड्यावर तो थांबतो आणि तो तुकडा फिरवत राहतो, वर नेतो, मध्येच कानबाईच्या गाण्याची एक ओळ घुसवतो, साइड ड्रमवाला त्याच्या खांद्याकडे बघून वाजवत असतो, तोंडाकडे नाही, खांद्याकडे, कारण श्वास कधी घेणार ते खांद्यावरून कळतं. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं. ठरवून वाजवलं तर नाचणाऱ्यांना पायातून कळतं.

आणि राजकीय म्हणाल तर हे ऐका. आम्ही ज्या मंडपासाठी चार तास उन्हात वाजवतो त्या मंडपात आमची पंगत सगळ्यात शेवटी, कुठे कुठे तर मंडपात पण नाही, मागे आचाऱ्याजवळ. वरातीत नोटा आमच्या टोपीत खोचणारेच नंतर पाणी वरून ओततात. सगळीकडे असं नाही, आता बदललंय बरंच, पण आहे. त्या काळ्या वादकांना पण ज्या क्लबात वाजवायचं त्याच क्लबात मागच्या दाराने, किचनमधून यावं लागायचं, हे मी वाचलं तेव्हा मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. कळण्याची_भाकर भाऊ, ताजमध्ये ऐकणारा साहेब असेल, वाजवणारा कोण होता ते बघा. आपल्या मुंबईच्या जॅझमधले निम्मे गोव्याचे वादक नंतर सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले, पोट होतं ना.

सातपुड्याची_लेक (शहादा):

@कळण्याची_भाकर, परराष्ट्र खात्याचा मुद्दा एकदम खरा आहे आणि तो कार्यक्रमात सांगायलाच हवा, पण अर्धा नका सांगू. ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग, ज्याला सगळे हसरा रुमालवाला म्हणून ओळखतात, त्यालाच १९५७ मध्ये सरकार सोव्हिएत रशियाला पाठवणार होतं. लिटल रॉकचं प्रकरण झालं, तेच फॉबसचं, तर त्याने पेपरवाल्यांसमोर गव्हर्नरला आणि आयझेनहॉवरला दोघांना धुतलं आणि जाणार नाही म्हणून सांगितलं. त्याच्यासारख्या लोकप्रिय माणसाला हे महागात पडू शकत होतं. म्हणजे सरकारी खर्चाने फिरणारा पण बोललाच.

आणि घरचं-बाहेरचं म्हणाल तर जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केलंय ते पहिल्या पानावर बघा. अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, तिकडच्या काळ्यांचं आणि इकडच्या अस्पृश्यांचं दुःख किती जवळचं आहे म्हणून. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं ते तुम्हाला मी सांगायला नको. तापीकाठ, तुमच्या सरांना जॅझ पटवायच्या आधी हे पान उघडून दाखवा, सप्ताहात बसतं का हा प्रश्नच राहत नाही. वामनदादा विरुद्ध मिंगस अशी कुस्ती लावायची कुणी सांगितलीय?

आता माझं खरं म्हणणं. 'वी इन्सिस्ट' मधला 'ड्रायव्हा मॅन' लावाल तर त्याच रेकॉर्डवरचा 'ट्रिप्टिक' टाळू नका, लोक टाळतात. आठ मिनिटांचा आहे, फक्त ॲबी लिंकनचा गळा आणि मॅक्स रोचचा ड्रम, तिसरं कुणी नाही. तीन भाग, प्रार्थना, निषेध, शांती. शब्द जवळपास नाहीतच. मधल्या भागात ती बाई किंचाळते. सूर लावून नाही, खरोखर, मिनिटभराहून जास्त, आणि ड्रम तिच्या अंगावर येत राहतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फोन बंद करून अंगणात जाऊन उभी राहिले. आमच्याकडे वस्त्यांवर मीटिंगांना जायचे तेव्हा बायका गाणं म्हणता म्हणता असं एखादं टोक गाठायच्या, गाणं राहायचंच नाही ते, पण पुढची ओळ दुसरी कुणीतरी उचलायची. इथे ड्रम उचलतो. एकच विनंती, हे लावायच्या आधी बायकांना सांगा की पुढे किंचाळी आहे. सरप्राइज देऊ नका, कुणाच्या घरी काय झालंय आपल्याला माहीत नसतं.

दक्षिण आफ्रिका पण घ्या थोडी. त्याच रेकॉर्डचा शेवटचा तुकडा जोहान्सबर्गवर आहे. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलला पोलिसांनी काळ्यांनी कायम पास जवळ बाळगायचा या कायद्याविरुद्ध जमलेल्यांवर गोळ्या घातल्या, ६९ माणसं गेली, आणि न्यूयॉर्कचा ड्रमर त्याच वर्षी त्यावर वाजवतो. तिथलाच 'ब्लू नोट्स' हा बँड, पियानोवर गोरा क्रिस मॅकग्रेगर आणि बाकी काळे, एका स्टेजवर एकत्र वाजवणंच गुन्हा. १९६४ मध्ये फ्रान्समधल्या फेस्टिव्हलसाठी देश सोडला आणि मग परदेशातच राहिले. बिनशब्दांचं राजकीय कसं हे ज्यांना विचारायचंय त्यांनी हे बघावं, तिथे कोण कुणाच्या शेजारी बसून वाजवतो हेच राजकारण होतं.

आणि मी 'स्ट्रेंज फ्रूट' वर जुनी_तबकडी दादांशी सहमत नाही. १९३९ मध्ये बिली हॉलिडे ते न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटीत म्हणायची तेव्हा वेटरांची ये-जा बंद, सगळे दिवे बंद, एक दिवा तिच्या चेहऱ्यावर, आणि गाणं संपलं की ती निघून जायची, पुन्हा वन्स मोअर नाही. तिची नेहमीची कंपनी रेकॉर्ड करायला तयार नव्हती, कमोडोर नावाच्या छोट्या कंपनीने केलं. लिहिणारा ब्रॉन्क्सचा एक ज्यू शाळामास्तर, एबल मीरोपोल. तीन मिनिटांचं आहे हो. तेवढी तीन मिनिटं शब्दांना द्या.

पंखा_बंद_करा (भुसावळ):

मुद्द्याचं कुणी बोलत नाहीये म्हणून बोलतो. कशावर वाजवणार? वाचनालयाच्या त्या माइकवाल्या कर्ण्यावर मिंगसचा बास ऐकू येणार नाही, नुसती खरखर येईल आणि मग तुम्ही सगळे म्हणाल की खान्देशात लोकांना कळत नाही. मंडपवाल्याचे डीजेचे बॉक्स पण नको, ते खालचा आवाज फुगवतात, लाकडी बास त्यात धप धप होतो. कुणाच्या तरी घरी जुने बुकशेल्फ स्पीकर आणि ॲम्प असेल तर ते आणा, दोन स्पीकर खुर्च्यांच्या समोर डावी-उजवीकडे, कानाच्या उंचीवर, टेबलावर पुस्तकं रचून ठेवा, वाचनालयात पुस्तकांची कमी नाही. ब्लूटूथ नको, मध्ये कुणाचा फोन वाजला की कोल्ट्रेनच्या जागी रिंगटोन. वायर लावा.

पंख्याचं काय करणार? एप्रिलात जळगावला संध्याकाळी सातला पण भिंत तापलेली असते. आठ वाजता सुरू करा, खिडक्या आधी दोन तास उघड्या, आणि किंचाळीवाला तुकडा आणि शेवटचा तुकडा या दोनच वेळेला पंखे बंद. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर ॲम्प चालतो का ते आदल्या दिवशी बघा, लाइट जाणारच.

एक आयडिया देतो, आवडली तर बघा. धडगावकडून एखादा पावरीवाला, म्हणजे आदिवासींचं ते फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा, बोलवा आणि कोल्ट्रेनच्या रेकॉर्डबरोबर वाजवायला लावा, जुगलबंदी. पब्लिक खूश.

बँडवाला_अमळनेर:

स्पीकरचं पटलं, पावरीचं नाही. मेलेल्या माणसाच्या रेकॉर्डबरोबर जुगलबंदी कसली, तो तुमचं ऐकून बदलणार आहे का? तिथल्या तिथे वाजवणं म्हणजे समोरच्याचं ऐकणं, अर्धं काम कानाचं. आम्हाला पण लग्नात बोलावून डीजेच्या गाण्यावर वाजवा म्हणतात हल्ली, तोच प्रकार झाला.

सातपुड्याची_लेक (शहादा):

+१. आणि पावरीवाल्याला बोलवायचं तर त्याची स्वतःची संध्याकाळ ठेवा, मानधन देऊन. सजावट म्हणून नको.

जुनी_तबकडी (धुळे):

ताई, 'स्ट्रेंज फ्रूट' वर हरलो असं समजू नका, पण तीन मिनिटांवर भांडत नाही. फक्त एक, ते पहिलं लावा, शेवटी नको. शेवटी लावलं तर नंतर कुणी बोलणारच नाही आणि चर्चा मेली.

शेवट 'अलाबामा'चाच करा, तापीकाठ. १५ सप्टेंबर १९६३, बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब, चार मुली गेल्या, तिघी चौदा वर्षांच्या आणि एक अकराची. कोल्ट्रेनने १८ नोव्हेंबरला हा तुकडा रेकॉर्ड केला. पाच मिनिटं. सुरुवातीला पियानोवर मॅकॉय टायनर खाली एकच गडगड धरून ठेवतो आणि सॅक्सोफोन वरून संथ बोलतो, ठेका नाहीच. मग ठेका येतो, वाटतं आता सावरलं, आणि तो तुटतो. पुन्हा पहिलं. ऐकताना ड्रमवर लक्ष ठेवा, एल्विन जोन्स शेवटाकडे काय करतो बघा. सरांना नावाशिवाय काही सांगू नका. तारीख नंतर सांगा.

एक गंमत, ज्या अल्बमवर तो आहे त्याचं नाव 'लाइव्ह ॲट बर्डलँड' पण हा तुकडा बर्डलँड क्लबातला नाहीच, स्टुडिओतला आहे. कॉलेजची पोरं गूगल करून विचारतील म्हणून सांगून ठेवतो.

अजून एक किस्सा, वेळ उरला तर. चार्ली हेडन, गोरा माणूस, बासवालाच, ऑर्नेट कोलमनच्या बँडमधला. १९७१ मध्ये पोर्तुगालला वाजवायला गेले, तेव्हा तिथे हुकूमशाही आणि आफ्रिकेत त्यांच्या वसाहती. याने स्टेजवरून आपला तुकडा मोझांबिक, अंगोला आणि गिनीच्या मुक्ती चळवळींना अर्पण केला. तुकड्यात शब्द नाहीत, अर्पण करायला एक वाक्य. दुसऱ्या दिवशी विमानतळावर पोलिसांनी उचलला. आता सर विचारतील शब्द नाहीत तर पोलीस कशाला आले, तर म्हणा तेच तर.

कळण्याची_भाकर (रावेर):

'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेचं मान्य, ते मी विसरलो नव्हतो पण जॅझशी जोडलं नव्हतं. पंगतीचं वाचून गप्प बसलो, आमच्या गावात पण तसंच चालायचं. तरी माझा मुद्दा तसाच आहे, नुसतं तिकडचं वाजवून घरी जाऊ नका. भीमगीतांची जी मंडळी दुसऱ्या रात्री गाणार आहेत त्यांना या संध्याकाळी पहिल्या रांगेत बसवा आणि संपल्यावर पहिलं मत त्यांचं घ्या, प्राध्यापकांचं नाही. त्यांच्यातला ढोलकीवाला त्या मॅक्स रोचबद्दल काय बोलतो ते मला ऐकायचंय.

आणि हात जोडून, कुणी उठून बहिणाबाई पण जात्यावर असंच सुचेल तसं गायच्या म्हणून वीस मिनिटं घेऊ नका. खरं आहे, पण जळगावात प्रत्येक कार्यक्रम तिथेच जाऊन थांबतो.

तापीकाठ (जळगाव):

मंडळी काय लिहिलंय तुम्ही, मी अख्खी दुपार वाचत आणि ऐकत बसलो, दुकानात गिऱ्हाईक उभं राहिलं तरी कळलं नाही.

सरांना काल 'व्हॉट लव्ह'चं भांडण मोबाइलवर हेडफोन लावून ऐकवलं. काहीच सांगितलं नाही. सर आधी कपाळाला आठ्या घालून, मग एक हेडफोन काढून मला म्हणाले हा जाड आवाजाचा जो आहे तो दुसऱ्याला जाऊ देत नाहीये. बस. मी काही बोललो नाही, पुढे 'गुलामगिरी'चं पान त्यांनी स्वतःच कपाटातून काढलं. अजून त्यांचं म्हणणं आहे की हे सगळ्यांना कळणार नाही, आणि ते बरोबरही असेल.

कमिटीतून एकच अट आली, पत्रिकेवर राजकीय हा शब्द नको. मी म्हटलं चालेल, पत्रिकेवर फक्त 'काळ्या अमेरिकेचं वादन, ऐकण्याची संध्याकाळ' लिहितो, आत काय वाजतं ते वाजेलच.

क्रम असा धरलाय. पहिलं 'स्ट्रेंज फ्रूट', मराठी शब्द कागदावर वाटून, मी वाचणार नाही. मग फॉबस आधी बिनशब्दांचा थोडा आणि मग शब्दांचा पूर्ण. मग डॉल्फी-मिंगसचं भांडण, तेवढाच भाग. मग पाणी, चहा नाही, कपांचा आवाज नको. तसं पण त्या रेकॉर्डच्या सुरुवातीला मिंगस स्टुडिओतच क्लब समजून लोकांना ग्लासातला बर्फ वाजवू नका म्हणतो, ते लावूनच सुरुवात करावी असा विचार आहे. मग 'ड्रायव्हा मॅन', बायकांना सांगून 'ट्रिप्टिक', आणि शेवटी 'अलाबामा'. ब्लू नोट्स आणि हेडन बोलण्यात येतील, वाजवायला वेळ नाही. सगळं मिळून सव्वा तास आणि मग चर्चा.

स्पीकर कुणाकडे आहेत का? ॲम्प मिळालाय, स्पीकर एकच चालू आहे. आणि @बँडवाला_अमळनेर, तुम्ही क्लॅरिनेट घेऊन या, वाजवायला नाही, त्या बास क्लॅरिनेटचा धाकटा भाऊ कसा दिसतो ते पोरांना दाखवायला.

पंखा_बंद_करा (भुसावळ):

माझ्याकडे जोडी आहे, जुनी पण चालू. सकाळच्या पॅसेंजरने आणतो, स्टेशनवर गाडी पाठवा, जड आहेत. पावरीवर राग नाही.

बँडवाला_अमळनेर:

त्या दिवशी लग्नाची तिथ नसली तर येतो. असली तरी येतो, वरात जळगावातलीच घेतो बघा, युनिफॉर्मवर आलो तर चालेल ना? आणि क्लॅरिनेट दाखवायला आणलं तर वाजणारच, ते माझ्या हातात नाही.

कळण्याची_भाकर (रावेर):

मी पण येतो. पण चर्चेत बोलणार, आधीच सांगून ठेवतो.

तापीकाठ (जळगाव):

बोला की. माइक ढोलकीवाल्यानंतर तुम्हालाच.